बुबुळं वर्षानुवर्षं कोरी ठेवणारा चित्रकार: कू खायझी

चीनच्या चित्रकलेचा इतिहास ज्या नावापासून सुरू होतो, त्या कू खायझीच्या हातचं एकही चित्र आज शिल्लक नाही. आहेत त्या नकला, आणि त्याही बहुतेक त्याच्यानंतर काही शतकांनी केलेल्या. त्याखेरीज दोन गोष्टी उरल्या: लोकांनी त्याच्याबद्दल सांगितलेले किस्से आणि चित्रकलेवर त्याने स्वतः लिहिलेली तीन लहान टिपणं. किस्से सगळीकडे रंगवून सांगितले जातात, टिपणांकडे सहसा कुणी वळत नाही. मग कू म्हणजे कुणी विक्षिप्त अवलिया होता असं वाटत राहतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर चित्र बदलतं. चित्रात जीव येणं ही किस्से सांगणाऱ्यांना जादू वाटली. कूच्या लेखी तो केसभर अचूकपणाचा प्रश्न होता.

त्याचा काळ साधारण इ.स. 344 ते 406, गाव आजच्या जिआंगसू प्रांतातलं वूशी. पूर्व जिन राजवटीचे दिवस होते. उत्तर चीन हातातून गेला होता आणि दरबार यांगत्से नदीच्या दक्षिणेला जिएनखांगला, म्हणजे आजच्या नानजिंगला, येऊन स्थिरावला होता. वरच्या घराण्यांतली माणसं कविता, सुलेखन आणि चर्चा यांत रमलेली असत. एखाद्याच्या चेहऱ्यावरून, चालण्या-बोलण्यावरून त्याच्या स्वभावाची पारख करणं ही तर त्या काळची मोठी कला मानली जायची. कू अशाच वर्तुळात वाढला. सेनापती हुआन वेन आणि पुढे प्रांताधिकारी यिन झुंगखान यांच्या पदरी त्याने नोकरी केली. राजकारणी श्ये आन त्याच्याबद्दल म्हणाला होता की माणूस जन्माला आल्यापासून असा चित्रकार झालेला नाही. लोक म्हणत, हा तीन बाबतींत अजोड आहे: बुद्धीत, चित्रात आणि वेडेपणात.

डोळ्यांचा प्रश्न

सर्वांत प्रसिद्ध किस्सा इ.स. 430च्या सुमारास संकलित झालेल्या ‘शीश्वो शिन्यू’ या संग्रहात आहे. कू माणसाचं चित्र पुरं करायचा, पण कधी कधी कित्येक वर्षं डोळ्यांत बुबुळं भरायचा नाही. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, हातपाय सुबक आहेत की बेढब याचा चित्राच्या मर्माशी संबंध नाही. माणूस जिवंत उतरतो तो या एवढ्याशा जागेत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसलेल्या हातांकडेच का जाते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण कूचं म्हणणं ‘डोळे महत्त्वाचे’ एवढ्यावर थांबत नाही. नक्कल करण्याच्या पद्धतीवरच्या टिपणात तो घटक मोजून सांगतो: रेषेची लांबी, तिचा ताठपणा किंवा मऊपणा, गडद-फिकटपणा, रुंदी, आणि बुबुळाच्या बाबतीत त्याची वर-खाली जागा, आकार, रंगाचा दाटपणा. यातल्या एकातही केसभर चूक झाली तर चेहऱ्यावरचा सगळा भाव बदलतो, असं तो बजावतो. गुंडाळीवरच्या, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांब रेशमी पट्टीवरच्या, चित्रात आकृती वीतभरही उंच नसते, म्हणजे डोळा जेमतेम काही मिलिमीटरचा. बुबुळ किंचित वर गेलं की ध्यानात असलेला माणूस घाबरलेला दिसतो. किंचित आत सरकलं की समोर बघणारा माणूस स्वतःतच हरवलेला वाटतो. हे दुरुस्तही करता येत नाही. रेशमावर शाई एकदा बसली की ती खोडता येत नाही, वरून रंग चढवला तर डाग पडतो. म्हणूनच बुबुळ शेवटी, आणि तेही बाकी सगळी आकृती नजरेसमोर पक्की झाल्यावर.

याच टिपणातलं दुसरं निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं. जिवंत माणूस समोर काहीच नसताना हात जोडत नाही आणि कशाकडे बघतही नाही, असं तो लिहितो. नजर म्हटली की तिला समोर काहीतरी हवं. चित्रकाराने ती समोरची गोष्ट रिकामी सोडली, किंवा नजर तिच्या जरा बाजूला पडली, तर शरीर कितीही हुबेहूब असो, प्राण निघून जातो. म्हणजे ‘प्राण’ एकट्या डोळ्यात राहत नाही. डोळा आणि तो ज्याकडे बघतोय ती गोष्ट, या दोहोंमधल्या अंतरात राहतो. दोन माणसांमधलं अंतर एकदा ठरलं की ते कमी-जास्त करायचं नाही, कुणाला वर-खाली सरकवायचं नाही, हा त्याचा नियम यातूनच येतो. एका आकृतीला जरा बाजूला घेतलं की दुसरीची नजर अधांतरी पडते.

हे लक्षात घेतलं की त्याचं आणखी एक वाक्य उलगडतं. आधीच्या शतकातल्या जी खांग या कवीच्या दोन ओळी त्याला चितारायच्या होत्या: हाताने पाच तारा छेडतोय, डोळ्यांनी परतणाऱ्या हंसांना निरोप देतोय. कू म्हणाला, तारा छेडणारा हात सोपा, हंसांना निरोप देणारे डोळे अवघड. हात आणि वाद्य एकमेकांना टेकलेले असतात. हंस मात्र आभाळात दूर, बहुधा चित्राच्या बाहेर. आणि नजर तरी नेमकी तिथेच पोचली पाहिजे.

व्यक्तिचित्रांच्या इतर किस्स्यांतही असंच काहीतरी नेमकं कसब दडलेलं आहे. यिन झुंगखानचा एक डोळा निकामी होता आणि त्यामुळे तो चित्र काढून घ्यायला तयार नव्हता. कूने उपाय सुचवला: बुबुळ नीट, स्पष्ट भरायचं आणि मग त्यावरून कोरड्या कुंचल्याचा एक हलका फटका मारायचा, म्हणजे सूर्यावरून पातळ ढग गेल्यासारखं दिसेल. कोरडा कुंचला म्हणजे शाई जवळपास निथळून काढलेला. त्याचे केस फाकतात, रेघ तुटक पडते आणि मधून खालचं रेशीम दिसत राहतं. व्यंग झाकलं जात नाही आणि उघडंही पडत नाही. फेइ खाय या त्याच्या आधीच्या काळातल्या विद्वानाचं चित्र काढताना त्याने गालावर तीन केस वाढवले. बघणाऱ्यांना खरोखरच वाटलं की त्या तीन केसांनी माणसातली हुशारी वर आली. श्ये खुन या अधिकाऱ्याला त्याने खडकांच्या कपारीत बसवलं, कारण डोंगरदऱ्यांत रमण्याच्या बाबतीत आपण इतरांच्या पुढे आहोत असं श्ये खुन स्वतःच म्हणाला होता. पार्श्वभूमी इथे शोभेची नाही, स्वभावाचा पुरावा आहे.

वैशालीचा गृहस्थ, नानजिंगची भिंत

नानजिंगच्या वाग्वान विहाराची गोष्ट इ.स. 363 ते 365च्या दरम्यानची. कू तेव्हा जेमतेम विशीचा. विहारासाठी देणग्या गोळा होत होत्या. बड्या लोकांपैकी कुणी एक लाख नाण्यांपुढे गेला नव्हता, आणि या गरीब पोराने दहा लाखांचा आकडा घातला. भिक्खूंना ती बढाईच वाटली. त्याने एक भिंत तयार करून मागितली, दार लावून घेतलं आणि महिनाभराहून जास्त काळ आत काम केलं. काढलं विमलकीर्तीचं चित्र. विमलकीर्ती म्हणजे बौद्ध सूत्रातला आपल्याकडच्या वैशालीचा गृहस्थ. आजाराचं निमित्त करून अंथरुणावर पडलेला आणि भेटायला आलेल्या मंजुश्री या बोधिसत्त्वाशी वाद घालणारा. त्या वादाचा शेवट विमलकीर्तीच्या मौनाने होतो.

बुबुळं भरायची वेळ आली तेव्हा कूने भिक्खूंना दर सांगितले: पहिल्या दिवशी बघायला येणाऱ्यांकडून एक लाख मागा, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार, तिसऱ्या दिवशी ज्याला जे द्यायचं ते. दार उघडलं तेव्हा भिंतीच्या तेजाने विहार उजळला आणि बघता बघता दहा लाख जमले, असं कथा सांगते.

तेजाचा भाग सोडून देऊ. बुबुळ भरणं हा लोकांसमोरचा सोहळा होऊ शकतो, हे त्या पोराने ओळखलं होतं, आणि तेवढं पुरेसं आहे. नवव्या शतकातला इतिहासकार झांग यान्युआन या आकृतीचं वर्णन करतो: आजाराने रोडावलेला चेहरा आणि टेकणीला रेलून शब्दच विसरून गेल्याची मुद्रा. कृश पंडिताच्या रूपातला विमलकीर्ती चीनला दिला तो कूने. भारतातून गेलेल्या कथेला दक्षिण चीनच्या सरदारांचा चेहरा मिळाला, आणि तोच पुढे शतकानुशतकं रंगवला गेला. ती भिंत आता नाही.

रेषा, आणि लंडनमधली गुंडाळी

कूची रेषा बारीक, एकसारख्या जाडीची आणि न तुटणारी. वसंतातला रेशीमकिडा धागा सोडतो तशी, असं तिचं वर्णन पुढच्या काळात रूढ झालं. मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक) वस्त्रांच्या रेषांचे अठरा प्रकार मोजले गेले, त्यांत ही तरंगत्या तंतूची रेषा पहिली येते. ती काढायची रीत सांगायला सोपी आहे. कुंचला सरळ उभा धरायचा. टोक सतत रेषेच्या मध्यातून चालवायचं, कडेला झुकू द्यायचं नाही. दाब सुरुवातीपासून शेवटापर्यंत तोच. हालचाल बोटांची नको, खांद्या-कोपरापासून अख्ख्या हाताची हवी, कारण बोटांनी लांब रेषा ओढली की दर काही सेंटिमीटरवर ती नकळत वळते. मधे थांबलं की शाईचा मणी जमतो. फार हळू गेलं की रेशमाच्या विणीतून शाई पसरते, फार भरभर गेलं की रेषा तुटते. दाब वाढला की तंतूची तार होते, आणि वस्त्र वाऱ्यावर हलण्याऐवजी कापून ठेवल्यासारखं दिसतं.

सगळीकडे हीच एक रेषा चालवायची, असं मात्र कू म्हणत नाही. हलक्या वस्तूला चपळ, टोकदार कुंचला. जड वस्तूला ठाम, टेकून काढलेली रेघ. डोंगर चपळ कुंचल्याने काढला तर तो हलायला लागतो आणि त्याची स्थिरता जाते. नुसत्या वळणाच्या रेषा आवडणाऱ्याचे कोपरे बोथट होतात. कोनांचा सोस असणारा गोलाईतही कंगोरे घालतो. मानेच्या वरचा भाग काढताना हात मंद चालला आणि रेषेत झोकदारपणा राहिला नाही तरी चालेल, पण भरभर जाऊन चुकू नये, असं तो स्पष्ट लिहितो.

हे सगळं जवळून बघायचं तर ब्रिटिश म्युझियममधली रेशमाची गुंडाळी. उंची सुमारे 25 सेंटिमीटर, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. मजकूर आहे झांग ह्वा या मंत्र्याने इ.स. 292मध्ये राजवाड्यातल्या स्त्रियांसाठी लिहिलेल्या उपदेशाचा; सत्तेच्या खेळात बुडालेली सम्राज्ञी जिया नानफंग हिला तो टोला होता असं मानलं जातं. मूळच्या बारा दृश्यांपैकी इथे नऊ उरली आहेत. बारा दृश्यांची कागदावरची सुंग काळातली (दहावं ते तेरावं शतक) नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. लंडनची प्रत कूच्या हातची नाही. पाचव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानच्या कुणा निष्णात नक्कलकाराची, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. अठराव्या शतकातल्या सम्राट छिएनलुंगने तिच्यावर ठिकठिकाणी आपले शिक्के उमटवले, जोडीला ऑर्किडचं चित्रही काढलं. मोकळ्या जागेला इतका अर्थ असलेल्या चित्रात ते लाल चौकोन फार खुपतात. चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या 1900च्या बॉक्सर उठावानंतर गुंडाळी फर्स्ट बेंगाल लान्सर्स या ब्रिटिश भारतीय सैन्याच्या रिसाल्यातल्या कॅप्टन क्लॅरेन्स जॉन्सनच्या हाती लागली आणि 1903मध्ये म्युझियमने ती त्याच्याकडून 25 पौंडांना घेतली.

प्रसाधनाचं दृश्य बघा. उजवीकडे एक स्त्री आपल्याकडे पाठ करून बसली आहे. तिचा चेहरा आपल्याला दिसतो तो फक्त तिच्या हातातल्या गोल आरशात. डावीकडे दुसरी स्त्री आरशाच्या स्टँडसमोर, आणि तिच्यामागे उभी दासी तिचे केस विंचरतेय. चटईवर लाखेच्या डब्या. ना भिंत, ना जमीन, ना खिडकी, आणि तरी खोली जाणवते, कारण नजरांच्या दिशाच ती जागा आखतात. समोर काहीतरी हवं, हा नियम इथे उघड दिसतो: प्रत्येक नजर कुठेतरी टेकली आहे. शेजारचा मजकूर सांगतो की रूप सजवायचं सगळ्यांना कळतं, स्वभाव सजवायचं कुणाला कळत नाही. चित्र त्याबद्दल काही बोलत नाही. आरशात बघणारी बाई फक्त दाखवतं.

पुढचं मागचं न बघता एका दृश्याला हमखास नावं ठेवली जातात. टोकदार डोंगर, दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र, आणि डोंगराच्या मानाने अवाढव्य दिसणारा, गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी. ‘तेव्हा त्यांना प्रमाण कळत नव्हतं’ असं म्हणून लोक पुढे जातात. मजकूर वाचला की उलगडा होतो: चढलेलं उतरतं, माध्यान्हीचा सूर्य कलतो, भरलेला चंद्र झिजतो, वैभव वाढतं ते धूळ साचावी तसं, आणि जातं ते ताणलेल्या धनुष्याचा खटका सुटावा तसं. तो शिकारी म्हणजे तो खटका आहे. चित्रकार डोंगर दाखवत नाही, वाक्य दाखवतोय.

‘लुओ नदीची अप्सरा’ ही दुसरी प्रसिद्ध कृती. त्साओ झी या तिसऱ्या शतकातल्या राजपुत्र-कवीच्या काव्यावरची. बीजिंगची सुंग प्रत 572.8 सेंटिमीटर लांब आहे. एकाच पटावर नायक पुन्हा पुन्हा भेटतो: अप्सरा पहिल्यांदा दिसते तेव्हा, निरोपाच्या वेळी, रिकाम्या नदीकाठी. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा वाचण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ही रचना परकी वाटत नाही. फरक बघण्याच्या रीतीत आहे. गुंडाळी एका वेळी हातभर उलगडायची, उजवीकडून डावीकडे, आणि मागचं गुंडाळत जायचं. सगळी एकदम पसरून, काचेखाली बघणं ही संग्रहालयाची सोय आहे, चित्रकाराचा हेतू नव्हे.

नकलांवर विश्वास किती ठेवायचा? याचं उत्तरही कूच्याच टिपणात मिळतं. नक्कल म्हणजे त्याच्यासाठी नमुन्यावर दुसरं रेशीम अंथरून गिरवणं. तो सांगतो: तिरप्या धाग्यांचं रेशीम घेऊ नका, कारण कालांतराने धागे सरळ होतात आणि चेहरा वाकडा होतो. दोन्ही रेशमं एकमेकांवर नीट टाका, ती आपोआप बसू द्या आणि मग वजनं ठेवा. ओढून बसवलं तर सोडल्यावर चित्र आक्रसतं. कुंचला चालत असताना नजर पुढे धावू देऊ नका. डोळा नेमका टोकावर असू द्या. मधे रेशमाचा एक थर असल्याने तिरकं बघितलं की नवी रेषा मूळ रेषेपासून थोडी आपल्याकडे सरकते. पहिल्या रेषेत केसभर, मग पुढची तिच्यावर बेतलेली, आणि शेवटी अख्खी आकृती आत आक्रसलेली. म्हणून नवी रेषा जुन्या रेषेला पूर्ण झाकेल अशीच पडली पाहिजे.

म्हणजे आज जे बघतो त्यात मांडणी, अंतरं आणि मुद्रा बऱ्याच टिकल्या असाव्यात. गिरवण्यातून त्या पोचतात. सर्वांत आधी निसटतो तो कुंचल्याचा वेग.

वेडेपणाच्या गोष्टी

त्यातली एक गोड आहे. कू ऊस शेंड्याकडून खायला सुरुवात करायचा. विचारलं तर म्हणे, हळूहळू छान होत जातं. ऊस बुडख्याकडे गोड, शेंड्याकडे पाणचट, हे सांगायला नको. चिनी भाषेत ते वाक्य आजही वापरात आहे.

एक अजिबात गोड नाही. शेजारच्या मुलीने नकार दिला म्हणून त्याने भिंतीवर तिचं चित्र काढून छातीत काटा टोचला. तिच्या छातीत कळा येऊ लागल्या, ती राजी झाली, त्याने गुपचूप काटा उपटला. ही कथा सातव्या शतकातल्या अधिकृत जिन इतिहासात आहे आणि बरेच लोक ती प्रेमकथा म्हणून सांगतात. ती जबरदस्तीची कथा आहे. तिच्यातून एवढंच कळतं की चित्र आणि चितारलेला माणूस यांच्यात थेट नातं असतं, असं त्या काळी मानलं जायचं.

दोन गोष्टी हुआन वेनचा मुलगा हुआन श्वेन याच्याशी जोडलेल्या आहेत. कूने आपली आवडती चित्रं एका कपाटात ठेवून समोरून मोहोर केली आणि कपाट त्याच्याकडे सोपवलं. हुआनने मागची फळी काढून चित्रं पळवली आणि मोहोर शाबूत असलेलं कपाट परत केलं. कू शांतपणे म्हणाला, उत्तम चित्रं देवत्वाला पोचतात; माणसं अमर होऊन उडून जातात तशी ती गेली. दुसऱ्या वेळी हुआनने त्याला विलोचं पान दिलं, याच्याआड सिकाडा हा किडा लपतो, हे धरलंस की तू दिसेनासा होशील असं सांगितलं, आणि त्याच्या अंगावर लघवी केली. कूने म्हणे पान जपून ठेवलं.

हुआन वेन त्याच्याबद्दल म्हणाला होता की याच्यात अर्धा खुळेपणा आणि अर्धा धूर्तपणा आहे, दोन्ही मिळून बरोबर तोल साधतो. हुआन श्वेनने 403मध्ये सिंहासनच बळकावलं. अशा माणसावर चोरीचा आळ घेणं म्हणजे डोकं गमावणं. माझ्या मते ‘चित्रं उडून गेली’ हे त्या काळात जिवंत राहण्याचं वाक्य होतं.

सगळ्यांना तो थोर वाटला असंही नाही. सहाव्या शतकातला समीक्षक श्ये ह याने त्याला सहापैकी तिसऱ्या वर्गात बसवलं: हात मनापर्यंत पोचत नाही, नाव कामापेक्षा मोठं. लगेच त्यावर आक्षेप आले. तांग काळात (सातवं ते दहावं शतक) झांग ह्वाइग्वान या समीक्षकाने तीन चित्रकारांचा निवाडा केला: झांग संगयाओला माणसाचं मांस सापडलं, लू थानवेइला हाडं, कूला प्राण. श्ये ह अगदीच चुकला असं म्हणवत नाही. कूने स्वतःच माणूस सर्वांत अवघड, मग निसर्ग, मग कुत्री-घोडे, आणि इमारती सोप्या, कारण त्या मापाने निघतात, असा क्रम लावला आहे. ज्याने सर्वांत अवघड जागेवर सगळं पणाला लावलं, त्याची बाकीची आकृती कुणाला अपुरी वाटणं शक्य आहे.

लंडनची गुंडाळी उजेडाने खराब होते म्हणून वर्षातले मोजकेच आठवडे बाहेर असते. म्युझियमच्या संकेतस्थळावर मात्र तिची छायाचित्रं मोठी करून बघता येतात. अस्वलासमोर उभ्या राहिलेल्या फंग या राणीपासून सुरुवात करा. तिच्या वस्त्राच्या उडत्या फिती एका झोकात ओढल्या आहेत का, आणि चेहऱ्याची रेषा त्याहून मंद हाताने काढली आहे का, हे तपासा. ‘मानेच्या वर घाई नको’ हा कूचा नियम त्या अनाम नक्कलकाराने कितपत पाळला, ते तिथेच कळतं.